विगाच्या झोपेचा दीड तास

१

दुपारी साडेबाराला विगाला ओटची पेज भरवायची, तोंड पुसायचं, अंगावर लोकरीचा जाड पोशाख चढवायचा, चार जिने उतरून मागच्या अंगणात बाबागाडीत निजवायचं आणि वर येऊन मोकळं व्हायचं. जानेवारीपासून माझा हा नेम. थंडी असो, धुकं असो, विगा बाहेरच झोपते; आमच्या देशात मुलं अशीच निजवतात. मीही तसाच झोपलो, माझी आईही तशीच झोपली. घरात निजवलेलं मूल वीस मिनिटांत उठून बसतं आणि बाहेर निजवलेलं दीड तास हलत नाही, हे आमच्या इमारतीतल्या कुठल्याही आईबापाला विचारा.

तो दीड तास माझा. माझी बायको रिके फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांच्या आखडलेल्या माना सोडवत असते. मी महापालिकेत पार्किंगच्या तक्रारी वाचतो, म्हणजे शहराच्या रागावर माझं पोट चालतं. नऊ महिन्यांच्या विगासाठी सध्या मी रजेवर आहे, चार महिने. ऑफिसातले म्हणाले, मजा आहे बुवा येपेची. मीही मनात यादी केली होती. पुस्तकं वाचीन, जिन्याखालची सायकल दुरुस्त करीन, पाव घरी भाजायला शिकीन.

प्रत्यक्षात त्या दीड तासात मी काय करायचो हे सांगायची लाज वाटते. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून फोन बघायचो. खुर्चीवर बसून बघितला असता तर निदान पाय तरी दुखले नसते, पण दोनच मिनिटं बघू म्हणून सुरुवात केलेली, मग बसणार कशाला. तेव्हा मला कॉफी दळायचं यंत्र घ्यायचं होतं. चाळीसेक यंत्रं, प्रत्येकाखाली लोकांची मतं, त्या मतांवर आणखी लोकांची मतं. तीन आठवडे मी यंत्र निवडत होतो. आमच्याकडे कॉफी दळलेलीच येते, हे रिकेने लक्षात आणून दिलं तेव्हा मला तिचाच राग आला.

विगाच्या उशाशी एक छोटं उपकरण ठेवलेलं असतं. ती हलली, रडली की माझ्या फोनवरचा हिरवा ठिपका लाल होतो. त्याच्या खोक्यावर छापलं होतं, ‘आता तुम्ही मोकळे.’ हे उपकरण निवडण्यातही माझे सहा दिवस गेले होते.

२

अंगणापलीकडच्या बाजूला, तळमजल्यावर इंगेलिस राहते. सत्तरी कधीच ओलांडलेली. जन्मभर या भागात टपाल वाटलं, त्यामुळे कोणाचं काय चाललंय ते तिला पत्ता न विचारता कळतं. तिची खिडकी अंगणाकडे उघडते आणि खिडकीत ती शब्दकोडं घेऊन बसलेली असते. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी विगाला आणायला खाली उतरलो, तर ती कचरा टाकायला बाहेर आली होती.

"येपे," ती म्हणाली, "तुझ्याबद्दल माझं चुकलंच बरं का."

"काय चुकलं?"

"मला वाटायचं तूही त्यातलाच. मान खाली, अंगठा चालू. पण काल बघितलं ना मी तुला. दीड तास बाकावर बसून होतास गाडीपाशी. काही करणं नाही की सवरणं नाही, नुसता पोरीकडे बघत. आजकाल कोण बसतं रे असं?"

मी हसलो. "काल मी वर होतो, इंगेलिस."

"हो का. मग तुझं निळं जाकीट एकटंच उतरलं असेल खाली." तिने कचऱ्याच्या पेटीचं झाकण लावलं आणि आत गेली.

माझ्यासारखं निळं जाकीट निम्म्या शहराकडे आहे. इंगेलिसच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. दुसऱ्या मजल्यावरचा नवा भाडेकरू सिगरेट ओढायला त्या बाकावर बसतो. जिना चढता चढता मी ही सगळी कारणं स्वतःला नीट समजावून सांगितली आणि मला ती पटली.

फक्त एक गोष्ट राहिली. मी विगावर दुलई नुसती टाकतो. त्या दिवशी दुलईची दोन्ही टोकं आत खोचलेली होती आणि हनुवटीखाली छान घडी घातलेली होती, म्हणजे श्वासाची ओल कापडाला लागू नये. इतका विचार मी केलेला नव्हता.

३

त्या आठवड्यात विगा गुणगुणायला लागली. तीनच सूर, दोन चढते आणि एक उतरता, परत परत. पोट भरलं की सुरू, आंघोळीच्या टबात सुरू. रिके संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन ऐकत बसली.

"कित्ती गोड. तू शिकवलंस?"

"हो," मी म्हणालो.

खोटं का बोललो कोण जाणे. कौतुक बरं वाटलं, हे एक. दुसरं म्हणजे, मी नाही म्हणालो असतो तर ‘मग कोणी?’ असा प्रश्न आला असता, आणि तो प्रश्न घरात यायला मला नको होता.

रिकेने विगाच्या डोक्यावर हनुवटी टेकली. "खरं सांगू येपे? मला बरं वाटलं. मध्यंतरी मला वाटायला लागलं होतं की तू घरात नसतोसच. मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करते, बोलते, आणि ठेवल्यावर वाटतं, मी नक्की कोणाशी बोलले?"

"अगं, ऐकत असतो मी."

"आवाज ऐकत असतोस. कालचंच घे. मी काय सांगितलं काल?"

मला आठवेना. ती चिडली असती तर मी भांडलो तरी असतो. ती चिडली नाही. "असू दे," म्हणाली आणि विगाला आत घेऊन गेली. लग्नाला सहा वर्षं झाली आमच्या. तिचं ते ‘असू दे’ मला कुठल्याही भांडणापेक्षा जास्त लागतं, आणि त्या दिवशी तर त्यात थकवा होता.

४

मग विगा माझ्याकडे यायला कुरकुरू लागली.

झोपेतून उठली की मी तिला गाडीतून उचलायचो. ती माझ्या खांद्यावरून मागे बघायची, बाकाच्या दिशेने हात पसरायची, आणि मी जिन्याकडे वळलो की रडायची. घरात सतरंजीवर बसवलं तर खिडकीकडे तोंड करून बसायची. मी हाक मारली तर वळायची, नाही असं नाही. पण बसस्टॉपवर आपण शेजारच्या माणसाकडे बघतो ना, तसं माझ्याकडे बघून परत खिडकीकडे वळायची.

दात येत असतील, मी म्हटलं. या वयात मुलं अशीच करतात, असं फोनवर सत्तर ठिकाणी लिहिलेलं होतं, आणि ती सत्तरही मी वाचली. वाचून मान वर केली तर विगा सतरंजीवरून सरकत सरकत खिडकीखाली पोचली होती आणि काचेवर तळवा ठेवून ते तीन सूर म्हणत होती. किती वेळ म्हणत होती कोण जाणे.

बुधवारी रात्रभर दव गोठलं. गुरुवारी दुपारी अंगण पांढरं होतं. सायकली पांढऱ्या, कपड्यांच्या दोऱ्या पांढऱ्या, बाकही पांढरा. विगाला आणायला गेलो तर बाकावर गाडीकडच्या बाजूला एका माणसापुरती जागा कोरडी होती. मी हातमोजा काढून तिथे तळवा ठेवला. लाकूड कोमट होतं.

मी विगाला छातीशी धरून चारही जिने पळत चढलो. वर आल्यावर दाराला कडी घातली आणि स्वतःला म्हटलं, ऊन पडलं असेल तेवढ्याच जागी. चार दिवस ऊन पडलेलं नव्हतं. भीती तर वाटलीच, पण त्याहून वाईट काहीतरी वाटत होतं आणि ते कबूल करायला मला संध्याकाळ लागली. माझी मुलगी मला विसरत चालली होती आणि तिला माझ्याऐवजी दुसरं कोणीतरी मिळालं होतं. मला त्याचा मत्सर वाटत होता.

५

दुसऱ्याच दिवशी मी ठरवलं की खिडकीतून अंगणावर नजर ठेवायची. विगाला खाली निजवून आलो, फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, कपाळ काचेला टेकवलं. गाडीचा टप दिसत होता, शेजारी बाक. पाच मिनिटं गेली. एक कबुतर आलं आणि गेलं. दहा मिनिटं गेली असतील.

फोन थरथरला. मी बघत असलेल्या यंत्रांपैकी एक स्वस्त झालं होतं. मी तेवढंच वाचायला मान खाली घातली.

मान वर केली तर बाकावर माणूस बसला होता.

निळं जाकीट. मी मागे वळून बघितलं. माझं जाकीट दारामागच्या खुंटीवर होतं. परत खाली बघितलं. तो तिथेच होता. चौथ्या मजल्यावरून मला त्याची पाठ दिसत होती, मान दिसत होती, आणि गाडीच्या दांड्यावर ठेवलेला हात दिसत होता. त्या हाताने तो गाडी झुलवत होता, अगदी सावकाश. मानेवर उजव्या बाजूला केस जरा वाढलेले होते. माझे तिथे नेहमी वाढतात, न्हावी दर वेळी बोलतो.

तो विगाकडे बघत होता. बस, इतकंच. आजूबाजूला बघत नव्हता, चुळबुळ नाही, घड्याळ नाही. जगात दुसरीकडे कुठे काही चाललं असेल असं त्याच्या गावीही नव्हतं. मी लेकीकडे असं कधी बघितलं होतं? जन्मली त्या पहाटे बघितलं होतं, तासभर. त्यानंतरचं आठवेना.

खाली धावायला हवं होतं. कुठल्याही बापाने तेच केलं असतं. पण माझा हात फोनकडे गेला. याचा व्हिडिओ घ्यायचा, रिकेला दाखवायचा, माझ्या म्हणण्याला पुरावा हवा. मी कॅमेरा उघडला. फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. मग मी कॉफीच्या यंत्रांचे फोटो पुसायला लागलो. एक पुसला, दुसरा पुसला, त्याच्याखाली एक तुलना होती ती जरा वाचली, तिसरा पुसला.

वर बघितलं तेव्हा बाक रिकामा होता. मला वाटलं, मिनिटभर गेलं असेल. घड्याळात चाळीस मिनिटं गेली होती. हिरवा ठिपका सगळा वेळ हिरवाच होता.

खाली गेलो तेव्हा विगा शांत झोपली होती. दुलईची टोकं आत खोचलेली होती.

६

शनिवार-रविवारी रिके घरी असल्याने काही घडलं नाही. सोमवारी मी फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, जाकीट अंगात घातलं आणि विगाबरोबर खालीच राहिलो. बाकावर बसलो.

हे काम किती कठीण आहे ते मला माहीतच नव्हतं. पहिल्या दहा मिनिटांत माझा हात सात वेळा खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता, तरी मांडीवर फोन थरथरल्याचा भास व्हायचा. डोक्यात नुसती गर्दी. विगाचे बूट लहान होतील, नवे कुठले घ्यावेत. रजेआधी वाचलेल्या एका पार्किंगच्या तक्रारीत काय म्हटलं होतं. मी स्वतःच्या मर्जीने इथे बसलो होतो, मला कोणी बांधून घातलेलं नव्हतं, आणि तरी दर मिनिटाला उठून पळावंसं वाटत होतं. वर खिडकीत मात्र दीड दीड तास उभा राहायचो तेव्हा एकदाही पळावंसं वाटलं नव्हतं.

मग कधीतरी ते कमी झालं. विगाच्या नाकपुडीशी वाफ येत होती आणि विरत होती. डाव्या पापणीवर एक बारीक निळी शीर होती, ती स्वप्नात उडत होती. झोपेतच ती ओठ चोखत होती, थांबत होती, आठवण आल्यासारखं परत चोखत होती. कानाची पाळी हुबेहूब रिकेची. नऊ महिने हे सगळं इथे होतं.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतोय. तीन सूर, दोन चढते आणि एक उतरता. मला ते कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या श्वासाच्या लयीत ते आपोआप येत होते.

समोर इंगेलिस खिडकीत होती. तिने माझ्याकडे बघून पेन्सिल उंचावली. मीही हात हलवला. मग तिची नजर सहज वर गेली, आमच्या मजल्याकडे. तिथे थबकली. तिने माझ्याकडे बघितलं, परत वर बघितलं. पेन्सिल खाली ठेवली. नंतर तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला. इतक्या वर्षांत मी तिचा पडदा दिवसा ओढलेला बघितला नव्हता.

माझ्या मागे, चार मजले वर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. घरात कोणी नव्हतं. नुसती मान वळवायची होती.

तेवढ्यात विगाने डोळे उघडले.

मी वळलो नाही. विगा बघत होती, झोपेतून पुरती बाहेर न आलेली. तिने माझे डोळे बघितले, नाक, तोंड, परत डोळे. खूप वेळ घेतला तिने. मी घाई केली नाही. मग तिच्या गालात खळी पडली आणि तिने दोन्ही हात वर केले, माझ्यासाठी.

७

रिके साडेचारला आली. मी विगाला मांडीवर घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो, काळ्या पावाचे बारीक तुकडे करून तिला भरवत होतो. रिकेने कोट काढला नाही. ती सरळ आत गेली आणि मोठी बॅग घेऊन बाहेर आली.

"उद्या सकाळची गाडी मिळाली," ती म्हणाली. "रजाही मिळाली. आईला कळवलंय."

"कुठली गाडी?"

तिने बॅग खाली ठेवली. "येपे, असं करू नकोस. आपलं बोलणं झालंय. एक वाजता."

"एक वाजता मी खाली होतो. बाकावर. फोन वर होता."

"तू फोन उचललास. आपण दहा मिनिटं बोललो. म्हणजे, मी बोलले."

मी विगाच्या पोटावरचा हात घट्ट केला. "मी काय म्हणालो?"

"नेहमीचंच. हं. हं." तिने बॅग भिंतीशी सरकवली. "मी आठवडाभर स्वतःला तयार करत होते त्यासाठी. तुला विचारलं, विगाला घेऊन मी महिनाभर ओडेन्सला आईकडे जाऊन राहू का. नंतरचं नंतर बघू. तू म्हणालास, हं, चालेल."

तिला सगळं सांगता आलं असतं. निळं जाकीट, कोमट लाकूड, इंगेलिसचा पडदा. पण मी ते सांगितलं नाही. घरात दुसरं कोणीतरी होतं याची भीती होतीच, पण त्या क्षणी ती भीती मोठी वाटली नाही. मला भीती वाटली ती त्या उत्तराची. ते उत्तर माझंच होतं. मी वर असतो तर हेच बोललो असतो, याच सुरात, आणि फोन ठेवून विसरलो असतो.

"परत विचार," मी म्हणालो.

"काय?"

"तेच. आता विचार. माझ्याकडे बघून विचार."

मग तिने विचारलं. तिला दोनदा थांबावं लागलं.

"नको," मी म्हणालो. "नको जाऊस, रिके."

"का नको?"

काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. मला सुचलं ते एवढंच. "हिच्या डाव्या पापणीवर एक निळी शीर आहे. झोपेत ती उडते. मला आज कळलं."

"उजव्या," ती म्हणाली.

"डाव्या."

"मी आई आहे तिची. उजव्या."

"बघ मग."

ती गुडघ्यावर बसली. आम्ही दोघांनी वाकून बघितलं. विगाला हा काहीतरी नवा खेळ वाटला, तिने डोळे गच्च मिटले. शीर डावीकडेच होती. रिके हसली, आणि हसता हसता तिने तोंड माझ्या गुडघ्यावर ठेवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मी तिच्या केसांवर हात ठेवला. बाहेर अंधारून आलं होतं, स्वयंपाकघरातला दिवा अजून आम्ही लावला नव्हता.

थोड्या वेळाने तिने मान वर केली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं.

"तुझा फोन झोपायच्या खोलीत आहे?"

"नाही. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता दुपारी."

कट्ट्यावर फोन नव्हता. झोपायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दाराखालच्या फटीतून निळसर उजेड येत होता. तो स्थिर नव्हता. जरा थांबायचा, बदलायचा, परत जरा थांबायचा, आत कोणीतरी एकामागून एक काहीतरी बघत असावं तसा.

"मी आत्ता बॅग घ्यायला आत गेले होते," रिके हळूच म्हणाली. "तेव्हा अंधार होता तिथे."

तिने माझा हात धरला. "बघून येतोस?"

उजेड बदलला. आतून, अगदी बारीक, कोणीतरी ‘हं’ म्हणाल्यासारखं वाटलं. रिकेची पकड घट्ट झाली, म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

"नको," मी म्हणालो. "तू बस इथे माझ्याजवळ."

ती खुर्ची ओढून बसली, दाराकडे पाठ करून. विगाने डोळे उघडले होते आणि तोंडही, पुढच्या घासासाठी. मी पावाचा तुकडा मोडला.